ब्लोअरचा आवाज बदलत नव्हता: कोकणातल्या एका फ्युएल सेल गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने चार आसनांची एक जुनी विजेची गाडी, गोल्फच्या मैदानावर फिरतात त्या जातीची, घेऊन तिच्यात हायड्रोजनवर चालणारा फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांपासून थेट वीज आणि पाणी तयार करणारं साधन, बसवला. संस्थेचं आणि माणसांचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. मी या प्रकल्पाच्या बैठकांना बाहेरचा सल्लागार म्हणून बसत होतो. बरीचशी मोजमापं माझ्यासमोर झाली.

आवार सड्यावर, म्हणजे उंच खडकाळ पठारावर आहे. मुख्य इमारतीपासून वसतिगृहापर्यंतचा रस्ता आधी सपाट जातो, मग एकदम खाली उतरतो आणि परतताना तीच उभी चढण लागते. सपाटीला गाडीला जेमतेम १ किलोवॉट लागायचा आणि चढणीला ५ किलोवॉटही कमी पडायचे. फ्युएल सेलसाठी याहून बोलका रस्ता शोधून सापडला नसता.

स्टॅक, म्हणजे एकाला एक जोडलेल्या सेलची चळत, ८० सेलचा, ५ किलोवॉटचा, प्रोटॉन वाहून नेणाऱ्या पॉलिमर मेम्ब्रेनचा (पातळ पडद्याचा) आणि पाण्याने थंड होणारा होता. हवा पुरवायला एक साइड-चॅनल ब्लोअर. हायड्रोजन मुंबईहून ट्रकने येणाऱ्या सिलिंडरमधून. ४७ लिटरच्या, १५० बार दाबाच्या सिलिंडरमध्ये हायड्रोजन भरतो तो अर्ध्या किलोहून थोडासाच जास्त. पावसात परशुराम घाटात दरड आली की सिलिंडरची गाडी अडकते, म्हणून इथे ग्रॅम-ग्रॅमचा हिशेब ठेवायची सगळ्यांनाच सवय लागली होती.

देशात या विषयावर काम झालेलं नाही असं नाही. २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने केपीआयटी या कंपनीबरोबर फ्युएल सेल मोटारीची चाचणी घेतली होती, आणि २०२२ मध्ये पुण्यातच त्यांची बसही दाखवली गेली. महाविद्यालयाची महत्त्वाकांक्षा त्यापुढे लहान होती. मुलांना संपूर्ण यंत्रणा हाताळायला मिळावी आणि जमलं तर तिची कार्यक्षमता वाढवता यावी, एवढीच.

अडचण

गाडी चालायची, पण सिलिंडर फार लवकर संपायचा.

फ्युएल सेलची कार्यक्षमता सेलच्या व्होल्टेजवरूनच बरीचशी कळते. हायड्रोजनच्या खालच्या उष्मांकाच्या (तयार झालेलं पाणी वाफ म्हणूनच राहतं असं धरलेल्या) हिशेबाने सगळी ऊर्जा विजेत उतरली तर एका सेलला १.२५ व्होल्ट मिळाले असते. म्हणून ०.७५ व्होल्टवर चालणारा सेल ६० टक्के आणि ०.६५ व्होल्टवर चालणारा ५२ टक्के कार्यक्षम. करंट कमी तेवढं व्होल्टेज जास्त, म्हणजे हलक्या भाराला स्टॅक अधिक कार्यक्षम असायला हवा. उत्पादकाच्या आलेखात १ किलोवॉटला सेलमागे ०.८० व्होल्ट दिसत होते. इथे मिळत होते ०.७४. ५ किलोवॉटला मात्र वाचन आलेखाच्या जवळपास यायचं.

सगळे इथेच अडकले. आजारी स्टॅक जड भाराला मान टाकतो, हा स्टॅक हलक्या भाराला टाकत होता.

खाऱ्या वाऱ्यावरचा संशय

पहिला संशय समुद्रावर गेला, आणि तो वावगा नव्हता. कोकणात लोखंडी खिडकी, दुचाकीची साखळी, विजेच्या खांबावरचा बोल्ट, काहीच खाऱ्या हवेतून सुटत नाही. फ्युएल सेलमध्ये तर मीठ दोन बाजूंनी मारतं. क्लोराइड प्लॅटिनमच्या पृष्ठभागाला चिकटून ऑक्सिजनच्या अभिक्रियेची जागा अडवतं, आणि सोडियमचे आयन मेम्ब्रेनमधल्या आम्लगटांवर प्रोटॉनची जागा बळकावतात. मेम्ब्रेनचा रोध वाढतो तो त्यामुळे. विभागप्रमुख सरांचं मत जवळजवळ पक्कं झालं होतं की स्टॅक खारावला आहे आणि तो परत पाठवून मेम्ब्रेन बदलून आणावे लागतील. त्यात प्रकल्पाचे उरलेले सगळे पैसे गेले असते आणि वर्षही.

रसायनशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "पाठवण्याआधी नळीतलं पाणी तरी बघूया." हवेच्या बाजूने बाहेर पडणारं पाणी त्यांनी परीक्षानळीत घेतलं, त्यात नायट्रिक आम्लाचा थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले. क्लोराइड भरपूर असतं तर नळीत दुधासारखा पांढरा साका आला असता. आलं ते अगदी फिकट धुरकटपण, काळ्या कागदासमोर धरल्यावरच दिसणारं. मीठ आत जात होतं, पण हलक्या भाराला ०.०६ व्होल्ट खाण्याइतकं ते दिसत नव्हतं. शिवाय मिठाचा दोष भाराप्रमाणे येत-जात नाही, तो मुक्कामाला राहतो.

मोजमाप

प्रकरण पालटलं ते दोन मोजमापांनी आणि एका वाक्याने.

वाक्य प्रयोगशाळा सहायक काकांचं. ते पूर्वी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरच्या इंजिनांवर काम करायचे. मुलं लॅपटॉपवर आलेख काढत बसली होती तेव्हा ते गाडीशेजारी उभे होते. म्हणाले, "सर, गाडी उभी असू दे नायतर चढणीला लागू दे, ह्याचा आवाज काय बदलत नाय."

ब्लोअर एका वेगाने चालत होता. २३० व्होल्टची एकफेज मोटर, तिला वीज द्यायला इन्व्हर्टर, आणि चालू-बंद एवढंच नियंत्रण. ५ किलोवॉटला लागणारी हवा तो बरोबर पुरवायचा, मिनिटाला सुमारे २५५ लिटर, म्हणजे अभिक्रियेला लागते त्याच्या दुप्पट. पण गाडी सपाटीला १ किलोवॉटवर आली तरी हवा तेवढीच. तिथे ती गरजेच्या अकरा-बारा पट व्हायची.

याचे दोन परिणाम होते. इन्व्हर्टर धरून ब्लोअर ४०० वॉट खायचा. पाण्याचा पंप, रेडिएटरचा पंखा, व्हॉल्व्ह आणि कंट्रोलर मिळून आणखी १५० वॉट. ५ किलोवॉटमधून ५५० वॉट जाणं सोसण्यासारखं आहे. १ किलोवॉटमधून ५५० वॉट गेले की गाडीच्या मोटरला उरतात निम्म्याहून कमी.

दुसरा परिणाम जास्त खोल होता. मेम्ब्रेनला ओल लागते, कोरडी पडली तर ती प्रोटॉन वाहू देत नाही. उत्पादकाने हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर वेगळ्या किमतीला देऊ केला होता. तो घ्यायचा नाही असं खरेदीच्या वेळी ठरलं होतं, कारण कोकणची हवा आधीच दमट. हे ऐकायला इतकं पटतं की कोणी आकडे मांडलेच नाहीत. २८ अंशाची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा स्टॅकमध्ये जाऊन ६० अंशांना तापली की तिची सापेक्ष आर्द्रता राहते सुमारे १६ टक्के. त्या तापमानाला हवा सहा पट बाष्प मागते. श्रावणातला पाऊसही या हिशेबापुढे कोरडाच ठरतो.

मग एका मुलीने फळ्यावर पाण्याचा ताळेबंद मांडला. २ किलोवॉटला स्टॅक तासाला साधारण ९९ ग्रॅम हायड्रोजन घेतो आणि जवळपास ८८५ ग्रॅम पाणी तयार करतो. मिनिटाला २५५ लिटर हवा आत येताना सुमारे ४०० ग्रॅम बाष्प घेऊन येते. एकूण जमा तेराशे ग्रॅमच्या आत. आणि तीच हवा ६० अंशांना बाहेर पडताना २,९०० ग्रॅमपर्यंत बाष्प नेऊ शकते. दोरीवरचा ओला कपडा भर वाऱ्यात सुकावा तशी मेम्ब्रेन सुकत होती. हवा गरजेच्या दुप्पट एवढीच ठेवली तर? जमा सुमारे १,०२० ग्रॅम, नेण्याची क्षमता ९३०. ह्युमिडिफायर नसतानाही ताळेबंद जमतो.

मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटतो तो हा फळा. त्यावर एकही नवं उपकरण नव्हतं.

खात्रीसाठी स्टॅकचा अंतर्गत रोध मिलिओहम मीटरने १ किलोहर्ट्झला मोजला. हलक्या भाराला तो वाढलेला होता, चढणीच्या भाराला काही मिनिटं चालवल्यावर खाली येत होता आणि पुन्हा हलक्या भाराला वर जात होता. खारावलेली मेम्ब्रेन अशी मागेपुढे होत नाही. स्टॅक धड होता, तहानलेला होता.

दुसरं मोजमाप हायड्रोजनचं. सेलमधून किती हायड्रोजन जायला हवा ते फॅरडेच्या नियमाने करंटवरून काढता येतं: एका सेलला एका अँपिअरला मिनिटाला सुमारे ७ मिलिलिटर. दुसऱ्या संस्थेकडून मास फ्लो मीटर उसना आणला आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवले. १ किलोवॉटला प्रत्यक्ष खर्चातला सुमारे १५ टक्के वायू विजेत न उतरता जात होता. गळती तपासली, ती नव्हती. जात होता तो पर्ज व्हॉल्व्हमधून. हायड्रोजनच्या बाजूला मेम्ब्रेनमधून झिरपून आलेला नायट्रोजन आणि पाणी साठतं, ते अधूनमधून बाहेर फेकावं लागतं. इथे ते घड्याळावर बांधलं होतं. गाडी उभी असली तरी ठरलेल्या सेकंदांनी व्हॉल्व्ह उघडायचा आणि चांगला हायड्रोजन बाहेर जायचा.

सगळं जोडून १ किलोवॉटचा हिशेब असा बसला. ०.७४ व्होल्टमुळे ५९ टक्के, त्यातले ४५ टक्केच गाडीच्या मोटरकडे, त्यातही पर्जची १५ टक्के तूट. हायड्रोजनमधल्या १०० भाग ऊर्जेपैकी उपयोगी पडत होते साधारण २३.

पर्याय

स्टॅक परत पाठवण्याचा विचार इथेच बाजूला पडला. उरलेल्या पर्यायांवर मात्र खरी चर्चा झाली.

एक सूचना हवेचा दाब वाढवण्याची होती. मोठ्या मोटारींत कंप्रेसर असतो, मग इथे का नको? मुलांचा ओढा याकडे होता. हिशेब केला तर २ किलोवॉटच्या हवेचा दाब दुप्पट करायला, कंप्रेसरची कार्यक्षमता धरून, दोनशे वॉटच्या वर वीज लागते. दाब दुप्पट झाल्याने सेलमागे ०.०३ व्होल्ट वाढले असं उदारपणे धरलं तरी ८० सेल आणि ३३ अँपिअरला मिळतात ८० वॉट. मोटारीत कंप्रेसर असतो तो मुख्यतः थोड्या जागेत मोठी शक्ती बसवायला. या गाडीत जागेची टंचाई नव्हती.

दुसरा पर्याय ह्युमिडिफायर आता तरी विकत घेण्याचा. त्याने मेम्ब्रेन ओली राहिली असती, पण ब्लोअरचे ४०० वॉट जसेच्या तसे राहिले असते, वर ह्युमिडिफायरमधून हवा ढकलायला जोर आणखी लागला असता. २०१४ साली आलेल्या टोयोटा मिराई या फ्युएल सेल मोटारीत ३७० सेलचा स्टॅक बाहेरच्या ह्युमिडिफायरशिवाय चालतो. आत तयार झालेलं पाणीच आत खेळवलं जातं. हा दाखला सरांना पटला.

तिसरा पर्याय भारानुसार वेग बदलणारा ब्लोअर. आणि चौथा, स्टॅकला रस्त्याच्या चढउतारांपासूनच सोडवायचं: मध्ये पुरेशी बॅटरी ठेवायची, स्टॅकने एका ठरावीक भाराला चालायचं, चढणीला बॅटरीने हात द्यायचा.

चौथ्यावर मतभेद झाले. कार्यक्षमतेच्या दृष्टीने स्टॅक २ किलोवॉटला चालवावा आणि बॅटरी भरली की बंद करावा हे सरळ आहे. पण दर चालू-बंदला स्टॅकचं आयुष्य झिजतं. बंद स्टॅकमध्ये हायड्रोजनच्या बाजूला हवा शिरते, पुन्हा चालू करताना काही क्षण त्या बाजूच्या एकाच इलेक्ट्रोडवर हायड्रोजन आणि हवा दोन्ही असतात, तेव्हा हवेच्या बाजूचं विद्युतविभव दीड व्होल्टच्या आसपास चढतं आणि प्लॅटिनमला धरून ठेवणारा कार्बन जळतो. बंदच न करता नुसता तेवत ठेवावा, तर सेल ०.९ व्होल्टच्या आसपास राहतो आणि प्लॅटिनम विरघळत जातं. एका बाजूला हायड्रोजन वाचतो, दुसऱ्या बाजूला स्टॅक खर्ची पडतो.

केलेली कामं

निर्णय असा झाला: ब्लोअर बदलायचा, बॅटरी वाढवायची, आणि चालू-बंदची संख्या जमेल तेवढी कमी ठेवायची.

४८ व्होल्टचा ब्रशलेस ब्लोअर आणला. इन्व्हर्टर गेला. कंट्रोलर करंट वाचून हवा ठरवू लागला. ४८ व्होल्ट, ५० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली. बॅटरी ४५ टक्क्यांवर आली की स्टॅक सुरू, ७० टक्क्यांवर गेली की बंद. एवढी रुंद पट्टी ठेवल्याने आवारातल्या एका फेरीत स्टॅक वारंवार सुरू करावा लागत नाही. बंद करताना आधी हवा तोडायची, मग एका रोधावर करंट वाहू देऊन आतला उरलेला ऑक्सिजन संपवायचा आणि हायड्रोजनची बाजू भरलेली ठेवायची, असा क्रम बांधला. पर्ज घड्याळावरून काढून अँपिअर-तासांवर नेला: जेवढा करंट वाहिला तेवढा पर्ज.

फिल्टरची कथा थोडक्यात. हवेचं तोंड पुढच्या चाकाजवळ होतं आणि फिल्टर जांभ्याच्या लाल धुळीने माखलेला निघाला. तोंड छपराखाली नेलं, धुळीच्या कागदी फिल्टरमागे कोळशाचा एक थर दिला. खाऱ्या तुषारांसाठीही हीच जागा बरी.

एक गोष्ट मात्र आधी कोणाच्या ध्यानात आली नव्हती. हवा कमी केल्यावर पहिल्याच पावसाळी सकाळी, स्टॅक अजून ४० अंशांना असताना, दोन-तीन सेलचं व्होल्टेज एकाएकी कोसळलं आणि कंट्रोलरने स्टॅक बंद केला. फळ्यावरचा ताळेबंद ६० अंशांचा होता. थंड स्टॅकमध्ये हवा बाष्प नेऊ शकत नाही, पाणी सेलमधल्या हवा वाहण्याच्या खाचांत साचतं आणि ऑक्सिजनची वाट अडते. कोरडेपणावरचा इलाज गार स्टॅकला बुडवत होता. उपाय दोन केले: स्टॅक ५५ अंशांवर येईपर्यंत हवा गरजेच्या तिप्पट, आणि त्यानंतर दुप्पट ठेवून दर काही मिनिटांनी ब्लोअरचा एक छोटा झोत, खाचांतलं पाणी उडवायला.

निष्पत्ती

२ किलोवॉटला आता सेलमागे ०.७५ व्होल्ट मिळतात, म्हणजे ६० टक्के. ब्लोअर आणि बाकीची साधनं मिळून २०० वॉट, पर्जची तूट ४ टक्क्यांच्या आसपास. स्टॅकचं व्होल्टेज बॅटरीशी जुळवणाऱ्या डीसी-डीसी कन्व्हर्टरच्या आधी मोजलं तर हायड्रोजनमधल्या १०० भागांपैकी ५२ उपयोगी पडतात. हा आकडा त्या एका भाराचा आहे. संपूर्ण फेरीचा हायड्रोजन पूर्वीच्या निम्म्याहून थोडा जास्त लागतो, कारण कन्व्हर्टर आणि बॅटरीची ये-जा आपला वाटा घेतात. बाजारातल्या फ्युएल सेल मोटारींची यंत्रणा सर्वोत्तम भाराला ६० टक्क्यांच्या आसपास पोहोचते, त्या मानाने आवारातल्या गाडीने गाठलेला पल्ला मला मनापासून मोठा वाटतो. स्टॅकला कोणी हातही लावलेला नाही.

चढणीला गाडी पूर्वीपेक्षा बरी ओढते, कारण स्टॅक आणि बॅटरी दोघांचा जोर एकत्र येतो.

पुन्हा करायचं झालं तर

खरेदीच्या बैठकीत दमट हवेचा मुद्दा निघाला तेव्हाच बाष्पाचा हिशेब करता आला असता. संतृप्त बाष्पदाबाचा तक्ता ग्रंथालयातल्या कुठल्याही औष्मिकीच्या पुस्तकात असतो. गंमत म्हणजे ह्युमिडिफायर न घेण्याचा निर्णय शेवटी योग्य ठरला, पण दिलेल्या कारणासाठी नाही. आज कोणी तीच गाडी रत्नागिरीहून सोलापूरला नेली तर फारसं बिघडणार नाही, कारण जमा बाजूला हवेने आणलेला वाटा मुळातच लहान आहे. मात्र ब्लोअरचं नियंत्रण बिघडलं तर रत्नागिरीतही मेम्ब्रेन सुकेल.

प्रत्येक सेलचं व्होल्टेज पहिल्या दिवसापासून नोंदवायला हवं होतं. सुरुवातीला फक्त संपूर्ण स्टॅकचं व्होल्टेज लिहिलं जात होतं, त्यात एकेका सेलचं दुखणं लपतं. पावसाळी सकाळचा बिघाड सेलवार नोंद नसती तर कळलाच नसता.

बॅटरीच्या पट्टीबद्दल माझं आणि सरांचं अजून एकमत नाही. त्यांना ती ४० ते ८० टक्के करून चालू-बंद आणखी कमी करायचं आहे. मला वाटतं, त्याआधी दर चालू-बंदमागे सेलचं व्होल्टेज किती घसरतं हे या वर्षाच्या नोंदींतून काढावं. त्यासाठी कंट्रोलरमध्ये एक गणक टाकला आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ३३ अँपिअरला, ६० अंशांना सेलचं व्होल्टेज मोजून त्याच्या शेजारी लिहिलं जातं. मॅडमची सिल्व्हर नायट्रेटची बाटलीही त्याच दिवशी बाहेर येते.